दगडूकाकांच्या उसाची खोटी तारीख

हातातला कप आधी खाली ठेवा बघू. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या मेहुण्यांनी घोटभर चहा माझ्या पांढऱ्या शर्टावर उडवला होता. आणि चूक त्यांची नव्हती, माझीच होती. या किस्स्यात चूक सगळीकडून माझीच आहे. आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको.

मी मूळचा तंद्रीतला माणूस. लहानपणी आई मला मीठ आणायला पाठवायची आणि मी ओढ्याच्या फरशीवर उभा राहून पाण्यातले ढग बघत बसायचो. तासाभराने मीठ न घेताच घरी यायचो आणि वर विचारायचो, "आई, आमटी अळणी का गं?"

अशा माणसाला कुणी कॉम्प्युटर शिकवावा का? पण पुण्यातल्या एका क्लासने शिकवला. आणि एकोणीसशे नव्व्याण्णव साली आमच्याच भागातल्या, संगमनेरकडच्या एका साखर कारखान्याने मला बोलावून घेतलं. कारखान्याचं नाव विचारू नका. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, एवढंच की त्यांनी मला बोलावलं.

काम काय होतं ते सांगतो. शेतकी ऑफिसात एक जुना प्रोग्राम होता. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. कोणी ऊस कधी लावला हे त्यात भरायचं आणि त्या लागणीच्या तारखेवरून तो पाळी लावायचा. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. लिहिणारा माणूस केव्हाच परदेशी गेला होता. ज्या सांगाड्यावर प्रोग्राम उभा होता, तो बनवणाऱ्यांनीच सोडून दिला होता. आणि त्यात डोक्यावर आलेलं दोन हजार साल! या प्रोग्रामला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे. अठ्ठ्याण्णव साली लावलेल्या उसाचं दोन हजार साली वय किती, असं मी त्याला विचारून बघितलं. म्हणाला, उणे अठ्ठ्याण्णव वर्षं. अजून जन्मालाच न आलेला ऊस तोडायला टोळी कशी पाठवायची, सांगा!

तर हे सगळं उचलून जावा नावाच्या नव्या कॉम्प्युटर-भाषेत आणायचं, ते मी करणार होतो. ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर ब्राउझर उघडायचा, गावाचं नाव टाकायचं की ऊस समोर हजर.

काय दिवस होते हो! खिडकीतून मळीचा गोड आंबट वास यायचा. पलीकडे टायरगाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांची किणकिण, चिमणीची वाफ प्रवरेकडे सरकत जाणारी. मी की-बोर्डवर बोटं ठेवून त्या वाफेकडे बघत बसायचो. मला दिसायचं, की एक दिवस शेतकरी आपल्या बांधावर बसून आपली पाळी बघतोय, कुणाच्या पाया पडत नाहीये, आणि सगळा तालुका म्हणतोय, हे कुणी केलं? विलासने केलं! तेवढ्यात भोंगा व्हायचा आणि माझ्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण एकच ओळ लिहिलीय.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. तिसरे माझे वडील, ते ओघात येतीलच.

पहिले साळवे भाऊसाहेब. शेतकीचे जुने कारकून. तो काळ्या पडद्याचा प्रोग्राम त्यांच्या ताब्यात होता. दोन बोटांनी टाइप करायचे, पण गटातला प्रत्येक बांध त्यांना पाठ. वीस वर्षं सायकलवर सगळी शिवारं फिरलेला माणूस.

दुसरे दगडूकाका. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, चुलतभाऊ. आमचं शेत आणि त्यांचं शेत लागून. त्या सालाच्या नऊ वर्षं आधी बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं वाजलं. बाभूळ नंतर वावटळीत आपोआप पडली, पण अबोला उभाच राहिला. अण्णांनी तर पणच केला होता, "जीव गेला तरी दगडूच्या दारात जाऊन काय मागनार न्हाई." आणि नऊ वर्षं तो पण त्यांनी पाळला. घरात कुणी दगडू हा शब्द काढला तरी अण्णा ताटावरून उठायचे. दगडी चाळ असं रेडिओवर आलं तरी आम्ही रेडिओ बंद करायचो.

तर मी जुनी माहिती नव्या प्रोग्राममध्ये आणायला लागलो. सहज म्हणून शेतकीच्या मूळ वहीशी ताडून पाहिली आणि उडालोच! शे-दीडशे शेतकऱ्यांच्या लागणीच्या तारखा खोट्या! वहीत एक आणि मशीनमध्ये दुसरी. सगळ्या मागे ओढलेल्या. त्या यादीत पहिलं नाव कुणाचं? दगडूकाकांचं! त्यांचा ऊस लागला होता आमच्यानंतर बारा दिवसांनी, पण मशीनमध्ये तो आमच्या आधी आठ दिवस. म्हणजे त्यांची तोड दरवर्षी आमच्या आधी!

माझं रक्त सळसळलं. साळवे भाऊसाहेब आणि दगडूकाका! माझ्या डोळ्यांपुढे अख्खा चित्रपट उभा राहिला. गुळाच्या ढेपी, तुपाचे डबे, काळोखात सायकलच्या कॅरिअरला बांधलेली कोंबडी. नंतर कळलं की भाऊसाहेब मांसाहार करतच नाहीत. पण तंद्रीला कुठे पुरावा लागतो?

मी शेतकी अधिकाऱ्यांसमोर, सगळ्या स्टाफसमोर, उभा राहून भाषण ठोकलं. "साहेब, जुन्या प्रोग्राममध्ये खोटेपणा आहे. नव्या प्रोग्रामला खोटं कळतच नाही. मी सगळ्या तारखा वहीप्रमाणे दुरुस्त केल्यात."

सगळे भाऊसाहेबांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"तारखा खोट्या हायत, विलासराव," ते म्हणाले. "ऊस खरा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे दोन दिस माज्यासंगं सायकलवर चला. दावतो."

"भाऊसाहेब, सायकलवर फिरायचे दिवस गेले. आता डेटा बोलतो!"

"बरं. बोलू द्या त्याला," एवढंच म्हणून ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, तेव्हा नाही वाटलं. आज वाटतं.

डिसेंबरात नव्या प्रोग्रामने पहिली यादी काढली. आमच्या गटात पहिला नंबर कुणाचा? आमचा! अण्णांचा! मी काही वशिला लावला नव्हता हो. सरळ तारखांचा हिशेब. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमची तोड दगडूकाकांच्या आधी! अण्णा नेमके बैल आणायला काष्टीच्या बाजाराला गेले होते. मी म्हटलं, बरंच झालं. परत येतील तेव्हा रान मोकळं दिसेल. त्यांना काही सांगायलाच नको. आपण फक्त शेजारी उभं राहायचं, जरा लांब, हाताची घडी घालून.

पहाटे टोळी आली तेव्हा असं धुकं होतं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. टोळीचे मुकादम शहादेव, पाथर्डीकडचे. आम्ही सगळे बांधाने एकामागे एक आत गेलो. पुढे मी, कारण शेत माझं ना! धुक्यात फक्त पावलांचा आवाज आणि कोयत्यांची हलकी टिणटिण. मला वाटलं, आपण ढगातून चाललोय.

शहादेवांनी विचारलं, "साहेब, गाड्या कुठून घालायच्या?"

आता हा प्रश्न लक्षात ठेवा. साधा प्रश्न. कुणाही शेतकऱ्याच्या पोराला झोपेत विचारला तरी उत्तर येईल.

मला ती वाट लख्ख आठवत होती. लहानपणी मी भरल्या गाडीवर उसाच्या मोळ्यांवर उताणा पडायचो. खाली चाकं करकरायची आणि वर आभाळ हळूहळू मागे जायचं. केवढी रुंद वाट ती! दोन्हीकडे मोकळं रान, कापल्या उसाची खोडकं, त्यात बसलेले बगळे.

"समोरूनच घाला की," मी स्वप्नातूनच म्हणालो. "मोठी वाट आहे."

"बरं," म्हणून शहादेवांनी कोयता लावला.

चार तास तोड चालली. सप् सप् सप्. मी बांधावर बसून ऐकत होतो. ओल्या पाचटाचा वास, उसाच्या रसाचा वास. तालुका म्हणत होता, हे कुणी केलं? विलासने केलं!

दहाच्या सुमाराला धुकं उठलं. आणि मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. कापलेल्या रानाच्या मधोमध मी उभा, आणि भोवती उसाच्या उंच भिंती. तुरे आलेले. एकेका तुऱ्यावर दव, आणि त्यावर कोवळं ऊन. सगळीकडे नुसती चांदी लकाकत होती. वाऱ्याने तुरे एका बाजूला झुकायचे आणि परत उभे राहायचे.

"वा!" मी म्हणालो.

शहादेव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी पण चारी बाजूंना बघितलं.

"साहेब, लई ग्वाड दिसतंय," ते म्हणाले. "पर वाट कुठंय?"

"ही काय, इथून..." मी हात केला. हाताच्या टोकाला दगडूकाकांचा ऊस उभा होता. दोन पुरुष उंच. दुसऱ्या बाजूला पण ऊस. तिसऱ्या बाजूला पण ऊस. चौथ्या बाजूला ओढ्याची खोल दरड.

"ह्या उसातून वाट व्हती?"

"हो. दरवर्षी असायची."

"मंग दरवर्षी हा ऊस आधी तुटत आसंल."

पाथर्डीहून आलेल्या माणसाला माझं शेत बघून चार तास झाले होते. मला पंचवीस वर्षं झाली होती.

माझ्या आठवणीतलं ते मोकळं रान, ती खोडकं, ते बगळे, ते सगळं दगडूकाकांचं शेत होतं हो! आधी त्यांचा ऊस जायचा, मग त्यांच्या मोकळ्या रानातून आमच्या गाड्या निघायच्या. मोकळ्या रानातून जायला कुणाला काही मागावं लागत नाही. म्हणून तर अण्णांचा पण नऊ वर्षं टिकला होता. आणि शे-दीडशे खोट्या तारखा म्हणजे शे-दीडशे अडलेली शेतं. वाटेवरच्याचा ऊस आधी जावा म्हणून भाऊसाहेबांनी त्याची तारीख मागे ओढली होती. जुन्या प्रोग्रामला वाट हा शब्दच ठाऊक नव्हता, मग बिचाऱ्यांनी दुसरं काय करायचं होतं?

पहिल्या दिवशीच्या यादीत असं अडलेलं शेत एकच होतं. माझ्या बापाचं.

तोडलेला ऊस आडवा पडलेला. वर ऊन चढतंय. ऊस वाळला की वजन गेलं, वर्षाची मेहनत गेली. वाट मागायची तर दगडूकाकांना. म्हणजे अण्णांचा पण मोडला. मी गुपचूप बांधाच्या कडेला गेलो, तर काका तिथे हजरच! घोंगडी अंथरून, तंबाखू मळत. नाटकाला आल्यासारखे पुढच्या रांगेत.

"काय रं इलास, काय हुडकतोय?"

"काका, तुमच्या चार सऱ्या तोडू द्या ना. गाडीपुरती वाट."

"माजा ऊस? छ्या! कवळा हाय म्हनं. तुज्याच मशीननं चिठ्ठी धाडलीया, इतक्यात तुटायचा न्हाई."

"काका, आमचा ऊस वाळेल हो."

"वाळंल की. आन मला बी वाईट वाटंल." ते खरंच जरा गंभीर झाले. "तुज्या बापाला हितं यिऊन म्हनू दे, 'दगडू, वाट दे.' तीन शब्द. नऊ वर्सं झाली, माजं नाव घेतलं न्हाई त्यानं."

मी ठरवलं, अण्णांना हे करावं लागता कामा नये. माझी चूक, मी निस्तरणार. बांधावरून रस्त्यापर्यंत चारशे पावलं. मोळ्या डोक्यावरून बाहेर काढायच्या! शहादेवांच्या बायकोने हसू दाबत माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर मोळी चढवली.

"साहेब, ही मोळी हाय, मशीन न्हाई," त्या म्हणाल्या. "खाली बगून चालायचं. वर न्हाई."

पहिल्या मोळीला मी खाली बघून चाललो. दुसऱ्या मोळीलाही. तिसऱ्या मोळीला आभाळात एकच ढग होता, अगदी बैलासारखा, आणि मी पाटात पडलो. अख्खी टोळी पोट धरून हसत होती. काकांनी घोंगडीवरून आवाज दिला, "डेटा भिजला काय रं?" माझं भाषण त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तर!

ते बघून टोळीलाच दया आली. म्हणाले, आमी लावतो हात. पण मी हट्टाने नको म्हणालो. दुपार कलली तेव्हा नऊ मोळ्या रस्त्यावर होत्या. आत तीनशे तरी असतील. मान आत गेली होती, चष्म्याची एक काडी मोडली होती, पायांत पाचटाचे काटे.

दहावी मोळी घेऊन निघालो आणि बांधाच्या टोकाला कोणी उभं दिसलं. हातात नव्या बैलाचा कासरा. अण्णा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आडव्या पडलेल्या उसाकडे पाहिलं. उभ्या उसाकडे पाहिलं. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही. शेतकरी होते ते.

"अण्णा, मी काढतो सगळं बाहेर," मी म्हणालो. "तुम्ही घरी जा. तुम्हाला काही मागायला लागणार नाही."

आवाज रडवेला झाला होता माझा, खोटं कशाला बोलू? अण्णांनी बराच वेळ माझ्या डोक्यावरच्या मोळीकडे पाहिलं. ती एका बाजूला कलत चालली होती. मग कासरा शहादेवांच्या हातात दिला, टोपी नीट केली आणि बांध ओलांडून घोंगडीसमोर जाऊन उभे राहिले.

"दगडू," अण्णा म्हणाले.

काकांची तंबाखू हातातून सांडली.

"पोरगं खुळं हाय. वाट दे."

मोजलंत? तीन शब्द मागितले होते, अण्णांनी सहा दिले. आणि जादा तिन्ही माझ्यावर खर्च केले.

काका उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. पण बोलले काय? "खुळं हाय ते समद्या भावकीला ठाऊक हाय, दादा, ते चार वर्सांचं असल्यापस्नं! तू कबूल करायला एवढी वर्सं लावलीस!"

अण्णांचे खांदे हलायला लागले. मग दोघं बांधावर बसून असे हसले, असे हसले, की नवा बैल बुजला. नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर भावांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या अकलेवर. मी मोळीसकट तिथेच उभा. खाली ठेव म्हणायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

काकांनी चार कसल्या, आठ सऱ्या तोडायला लावल्या. दिवस मावळायच्या आत पहिली गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी आवक-जावकच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. "भाऊसाहेब, चुकलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर माफी मागतो."

"बसा," ते म्हणाले. "भांडान झालं त्या साली तुमचे अण्णा हितं आल्ते. काय बोलले न्हाईत. बाकड्यावर बसले अर्धा तास, च्या पिले आन गेले. मी समजलो. दगडूभाऊंची तारीख मागं वडली."

"मला आधी सांगायचं ना!"

"सायकलवर चला म्हनलो हुतो की."

मग मात्र गेलो. दोन दिवस सायकलवर, त्यांच्या मागे मागे. ते दाखवायचे, हा याच्यातून निघतो, तो त्याच्यातून. मी नव्या प्रोग्राममध्ये एक रकाना वाढवला: वाट कोणाच्या शेतातून. त्याच्यापुढे एक मोकळा रकाना, शेरा. भाऊसाहेबांना त्यांचं टेबल परत मिळालं. त्यांनी दोन बोटांनी सगळे रकाने भरले, आणि दोन हजार साल आलं तेव्हा सगळा ऊस आपापल्या खऱ्या वयाचा होता.

उद्घाटनाला मी सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्या ऐटीत आमचीच नोंद उघडली. लागण, बरोबर. वाट, दगडू यांचे शेतातून, बरोबर. शेरा: "मालकाचा मुलगा फडात आल्यास त्याला आधी हाताला धरून वाट दाखवावी, मगच कोयता लावावा. माहिती देणार, मालक स्वतः. साक्षीदार, दगडू."

हसलात? थांबा, संपलं नाही. त्या नव्या प्रोग्रामचाही पुढे जुना प्रोग्राम झाला. माझा जावाचा सांगाडाच आता कुणी वापरत नाही. परवा सगळं आणखी नव्या सिस्टीममध्ये न्यायला कारखान्यात एक इंजिनिअर बाई आल्या. हुशार, भराभर काम. मला फोन केला. "सर, जुन्या माहितीत एक शेरा सापडलाय. चुकीचा वाटतो. नव्या सिस्टीममध्ये घेऊ की काढू?"

इतक्या वर्षांनी सुटका! मी 'काढा' म्हणायला तोंड उघडलं.

"नको, राहू द्या सर," त्याच म्हणाल्या. "जुन्या नोंदीला काहीतरी कारण असतं. मी आधी प्रत्यक्ष जाऊन बघून येते."

संध्याकाळी परत फोन. "सर, गावात जाऊन आले. दोन म्हातारे बांधावर बसले होते, त्यांना विचारलं. शेरा बरोबर आहे म्हणाले. तसाच घेतलाय."